दुधी लादी

दगड बोलतो असं देवराम म्हणायचा आणि ऐकणारे हसायचे. तो मात्र थट्टा करत नसे. दाभोशाजवळच्या पाड्यावरून तो पंचविशीत सिल्वासाला मजुरीला गेला, तिथल्या संगमरवराच्या एका गोडाऊनमध्ये अठरा वर्षं राबला, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या माणसाने तेवढ्या काळात एक विद्या कमावली. उभ्या लादीवर बोटाची पेरं वाजवायची आणि कान द्यायचा. लादी अखंड असली तर पितळेच्या ताटासारखी खणखणते. आत कुठे चीर लपलेली असली तर बद्द वाजते, मग वरून ती कितीही चकाको.

गोडाऊन त्याने सोडलं ते मंगळूमुळे. मंगळू त्याच्याच पाड्यावरचा, त्याच्याच बरोबर कामाला लागलेला. संगमरवराच्या लाद्या आडव्या ठेवत नाहीत, स्वतःच्याच वजनाने मोडतात. त्या लोखंडी घोडीवर उभ्या ठेवतात, दोन्ही अंगांना सारख्या. एका अंगाची काढली की दुसऱ्या अंगाचीही काढायची, म्हणजे घोडी तोल सोडत नाही. त्या दिवशी कुणीतरी घाई केली, एकाच अंगाच्या काढल्या. घोडी कलंडली, आणि मंगळूने, माणूस जसं करतो तसं, पडणाऱ्या लाद्यांना दोन्ही हातांनी आडवं धरलं. ओरडायलाही त्याला वेळ मिळाला नाही. देवराम चार पावलांवर होता.

तेव्हापासून तो जव्हार-मोखाड्यातच फरश्या बसवायची, घासायची कामं करत होता. हाताखाली जावई सोन्या आणि पाड्यावरची तीन-चार माणसं. कामं लहान असत, पण रात्री घरी येता येई. बायकोला, बुधीला, तेच हवं होतं.

खोडाळ्याचे तुळशीदास सर त्याला शोधत आले ते फेब्रुवारीत. सर आश्रमशाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी रस्त्याच्या वरच्या अंगाला नवं घर बांधलं होतं. भिंती झाल्या, रंग झाला, तळाची जमीन तेवढी राहिली होती.

"संगमरवर घालायचाय," सर म्हणाले.

"कशाला सर? टाइल बसवा. सोपा काम, आणि डाग पडत नाय."

सर जवळ सरकले. मग म्हणाले, "हिच्या पायांची आग होते. साखरेचा आजार. उन्हाळ्यात तर ओला टॉवेल पायांवर टाकून बसते दिवसभर. डॉक्टर झाले, औषधं झाली. कुणीतरी म्हणालं, संगमरवरावर चालली तर बरं वाटेल. खरं आहे का रे?"

"थंड असतो, हा खरा हाय," देवराम म्हणाला. त्याला खोटं बोलता आलं नाही.

चार दिवसांनी सर, त्यांच्या पत्नी प्रतिभाबाई आणि देवराम असे तिघे सिल्वासाला गेले. बाहेर ऊन रणरणत होतं. गोडाऊनच्या सावलीत शिरल्यावर प्रतिभाबाईंनी चपला काढल्या आणि जमिनीवर पसरलेल्या एका जुन्या लादीवर पाय ठेवले. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या.

"अगं बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "ओढ्यात पाय सोडल्यासारखं वाटतंय."

सरांनी तोंड फिरवून चष्मा पुसला. देवरामने ते पाहिलं आणि ही मंडळी आता संगमरवराशिवाय परत जाणार नाहीत हे ओळखलं.

मग तो त्यांना लाद्या दाखवत फिरला. मोबाइलची बॅटरी लावून त्याने एका पांढऱ्या लादीच्या मागे धरली. उजेड दगडाच्या आत मुरला आणि सगळी लादी आतून दुधासारखी उजळली. प्रतिभाबाईंनी तिच्यावर हात ठेवला.

"लई नाजूक जात ही," देवराम सांगत होता. "दिसायला टणक, पण खिळ्याने ओरखडा उठतो. लिंबू सांडला, चिंच सांडली, का चट्टा पडला समजा. हळद तर पिऊनच टाकतो. न्हाणीघर धुवायचा अ‍ॅसिड चुकून पडला तर उकळतो डोळ्यांदेखत."

"जपू आम्ही," प्रतिभाबाई म्हणाल्या. त्यांचा हात अजून लादीवरच होता.

मंगळू गेल्यावरही देवरामचा या दगडावरचा जीव गेला नव्हता, आणि कधीकधी त्याला याचीच भीती वाटायची. एवढं जड आणि एवढं सुंदर काही माणसाने घरात आणू नये असं त्याला वाटे, आणि तरी नवी लादी दिसली की हात आपोआप तिच्याकडे जाई.

प्रतिभाबाईंना आवडल्या त्या आठ लाद्या एकाच दगडातून कापलेल्या होत्या. दुधाळ पांढऱ्या, त्यात फिकट राखी रेघा. एका लादीतली रेघ दुसरीत जाई, दुसरीतून तिसरीत, डोंगरावरून पाहिलेल्या नदीसारखी. देवरामने एकेक वाजवून पाहिली. चार खणखणल्या. पाचवी बद्द वाजली.

त्याने पुन्हा वाजवली, वर, मध्ये, खाली. मागे जाऊन पाहिलं, तर मागून कापडी जाळी चिकटवलेली होती, चीर सांधून धरायला लावतात तशी.

"हल्ली सगळ्या मालाला जाळी असते," गोडाऊनवाला म्हणाला.

"जाळी असते शेठ, पण आवाज असा नसतो." देवराम सरांकडे वळला. "सर, ही एक सोडा. ही लादी दगा देईल."

सरांनी पत्नीकडे पाहिलं. प्रतिभाबाई राखी रेघेवरून बोट फिरवत होत्या. "ही काढली तर रेघ तुटते," त्या हळूच म्हणाल्या.

आठही लाद्या घ्यायचं ठरलं.

ट्रक खोडाळ्यात आला तो एप्रिलमधल्या बाजारच्या दिवशी, दुपारी. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत धरली होती. सरांचा मुलगा सुदर्शन नाशिकला सरकारी कचेरीत होता. तो एक दिवसाची रजा काढून आला होता आणि संध्याकाळी त्याला परतायचं होतं.

देवरामने ट्रकला एक फेरी मारली आणि तो मागच्या चाकाशी थांबला.

घोडी एकच होती. डाव्या अंगाला सरांच्या आठ लाद्या, उजव्या अंगाला मोखाड्याच्या कुणा गिऱ्हाइकाच्या आठ. दोन्हींना मिळून एकच दोर आवळलेला. आणि ट्रक अंगणात आला तेव्हा त्याचं मागचं उजवं चाक पावसाने खणलेल्या चरात बसलं होतं. सगळी गाडी उजवीकडे झुकलेली. तो झुकाव चार बोटांचा असेल. अंगणात जमलेल्या कुणाच्या तो नजरेतही आला नसता.

"दोर सोडायचा नाय," देवराम म्हणाला. "आधी गाडी सपाटीवर घ्या. मग त्या अंगाच्या लाद्या वेगळ्या दोराने बांधू. घोडीला लाकडी बल्ल्यांचे टेकू लावू. मग उतरवू."

"दुसरा दोर नाही माझ्याकडे," ड्रायव्हर म्हणाला. "आणि अंगणात जागा कुठाय गाडी फिरवायला?"

"बाजारात दोर मिळंल. बल्ल्या मी आणतो. एक तास द्या."

सुदर्शनने घड्याळ पाहिलं. "देवराम, आठ लाद्या उतरवायच्यात रे. डोंगर नाही हलवायचा."

"भाऊ, एका अंगाच्या काढल्या का घोडी दुसऱ्या अंगाला जाते. मी बघितलाय. माणूस राहात नाय."

"किती घाबरवशील लोकांना?"

अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. बाजाराहून परतणारी, सावलीला थांबलेली. कुणीतरी हसलं. सर ओट्यावर उभे होते, एकदा मुलाकडे, एकदा देवरामकडे बघत. दारात प्रतिभाबाई खुर्चीवर बसल्या होत्या, पायांवर ओला टॉवेल.

"होऊ दे रे देवराम," त्या म्हणाल्या. "उन्हात सगळ्यांना किती वेळ उभं ठेवायचं?"

देवरामने ट्रकवर चढलेल्या सोन्याकडे पाहिलं. सोन्या सव्वीस वर्षांचा, त्याच्या लेकीचा नवरा. दोराच्या गाठीवर त्याचा हात होता.

"सोन्या, खाली उतर."

"मामा, आजचा रोज जाईल."

"उतर बोललो ना. आपली माणसं चढणार नायत."

सोन्या उतरला. त्याच्याबरोबर बाकीचे तिघेही उतरले आणि आंब्याखाली जाऊन बसले. सुदर्शनचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे," तो म्हणाला आणि बाह्या सरसावून स्वतःच ट्रकवर चढला. बाजारातल्या पाच जणांना त्याने हाक मारली. रोज मिळणार म्हटल्यावर ते आले.

आंब्याच्या बुंध्याशी देवराम उभाच राहिला. आपली माणसं त्याने खाली घेतली होती. वर चढलेले पाच जण कुणाचे तरी होतेच. पुढे जाऊन ट्रकसमोर आडवं पडावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पण आपल्यासारख्याने, मालकाच्या अंगणात, मालकाच्या मुलासमोर? त्याचे पाय जागचे हलले नाहीत.

दोर सुटला. पहिली लादी फळीवरून खाली आली, घराच्या भिंतीला टेकली. दुसरी आली. तिसरी आली. चौथी उतरली तेव्हा एकाने देवरामकडे बघून हात हलवला. "काय मामा, काय झाला?" लोक हसले. सोन्यानेही मान खाली घातली.

देवराम हसणाऱ्यांकडे बघतच नव्हता. घोडीच्या पायाशी लाकडाची एक पाचर होती. चौथ्या लादीनंतर ती बोटभर बाहेर सरकली होती.

"भाऊ!" तो ओरडला. "त्या अंगाला उभे नका राहू!"

सुदर्शन उजव्या बाजूला गेला होता. मोखाड्याच्या लाद्या आणि ट्रकच्या कडेची फळी यांच्यामधल्या हातभर जागेत, लाद्यांना तळहात लावून. घोडी हलू नये म्हणून आपण आधार देतोय असं त्याला वाटत होतं.

पाचवी लादी उचलली गेली. बद्द वाजलेली, तीच. फळीपर्यंत येते न येते तोच ती राखी रेघेवर मोडली. फार मोठा आवाजही झाला नाही, वाळकी फांदी मोडावी तेवढाच. वरचा अर्धा तुकडा ट्रकच्या तळावर आदळला. गाडी हादरली आणि पाचर उडाली.

घोडी उजवीकडे झुकली, सावकाश, एखादं माणूस झोपेत कूस बदलतं तशी.

"सोडा! हात सोडा! उडी मारा!"

देवराम कधी धावला ते त्याला आठवत नाही. ट्रकच्या चाकावर पाय देऊन तो कडेच्या फळीवर पोटाने पडला आणि दोन्ही हात सुदर्शनच्या काखांत घातले. सुदर्शनने लाद्या सोडल्या नव्हत्या. त्याचे दंड ताणलेले होते, मान मागे गेली होती, आणि तो दगडाकडे बघत होता. देवरामने त्याला हिसडलं. कमरेपर्यंत तो फळीवर आला. मग मोखाड्याच्या आठही लाद्या त्याच्या पायांवर आल्या.

नंतरचं सगळं तुकड्यातुकड्याने झालं. लोकांनी हातांनी दगड उपसले. पांढऱ्या चुऱ्यात लाल कालवलं गेलं. जीपमधून सुदर्शनला आधी जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथून नाशिकला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. ड्रायव्हर म्हणाला, उतरवणारी माणसं माझी नव्हती. चौकशीला आलेल्या हवालदाराने देवरामला बसवून घेतलं आणि विचारलं, "तुला आधीच कसं माहीत होतं?"

"मी काम केलाय साहेब, अठरा वर्षं."

"सगळे सांगतात, तू म्हणालास माणूस राहणार नाही. असं कसं म्हणालास?"

देवरामने पुन्हा सगळं सांगितलं. हवालदाराने लिहून घेतलं, पण त्याच्याकडे बघण्याची त्याची नजर बदलली नाही.

तीच नजर आठवडाभरात सगळीकडे पसरली. गोडाऊनमध्ये तो काय म्हणाला होता तेही खोडाळ्यात सगळ्यांना ठाऊक झालं. ही लादी दगा देईल, असं हा बोलला आणि तीच लादी मोडली. माणूस राहणार नाही बोलला आणि पाय गेला. आपल्या माणसांना खाली उतरवलं, म्हणजे याला माहीत होतं. काळ्या जिभेचा आहे, लोक म्हणू लागले. हातपंपावर एक बाई बुधीला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, आमच्या पोरांविषयी काही बोलू नको." मोखाड्यातली दोन कामं आपोआप रद्द झाली. जीपमध्ये देवराम बसला की शेजारचं माणूस सरकून बसे. सोन्या काम शोधत भिवंडीला गेला.

"तुम्ही तेव्हा गप बसला असता तर बरा झाला असता," बुधी एकदा म्हणाली.

"गप बसलो असतो तर सोन्या त्या बाजूला असता," तो म्हणाला.

देवरामला लोकांच्या बोलण्यापेक्षा दुसरंच खात होतं. आपण आंब्याखाली उभे राहिलो. आपण आपलेच तेवढे वाचवले.

जूनच्या तोंडावर, आभाळ भरून आलेलं असताना, प्रतिभाबाई एकट्या पाड्यावर आल्या. जीप खाली रस्त्यावर ठेवून चढण चालत आल्या होत्या. बुधीने पाणी दिलं. त्या ओट्यावर टेकल्या, पाय चोळत.

"लोक तुला काय म्हणतात ते मला कळलंय," त्या म्हणाल्या. "आणि मी काय म्हणाले होते तेही मला आठवतंय. होऊ दे रे, म्हणाले होते मी. त्या गोडाऊनमध्येही मीच हट्ट केला."

देवरामने पाण्याचा रिकामा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

"सुदर्शन घरी आलाय. कुबड्यांवर चालतो. घराची जमीन अजून तशीच आहे, खडी आणि सिमेंट. कुबडी अडकते त्याची. सर म्हणतात, तो दगड दरीत लोटून देऊ. मी म्हटलं, नाही. तू येशील का?"

"बाई, कुबडीवाल्या माणसाला संगमरवर चांगला नाय. चकाकी आणली का ओल्यात पाय सरकतो."

"मग?"

तो विचार करत राहिला. "चकाकी नाय आणायची," शेवटी तो म्हणाला. "जाड खरखरीत दगडाने घासून सोडून द्यायची. दिसायला मंद दिसंल. पण पाय धरंल. आणि थंडावा तेवढाच."

"चकाकी नकोच मला," प्रतिभाबाई म्हणाल्या.

तो गेला. हाताखाली यायला पाड्यावरचं कुणी तयार होईना, म्हणून बुधीच गेली बरोबर. अंगणातल्या लाद्यांवरची ताडपत्री काढली तेव्हा कुंपणापाशी माणसं येऊन उभी राहिली. कुणी आत आलं नाही. देवरामने सगळ्या लाद्यांचे उभ्या-उभ्याच हातभर लांबीचे तुकडे कापले. एकट्याने उचलता येईल त्याहून मोठा एकही ठेवला नाही. मोडकी लादीही कापली, चिरेचा भाग बाजूला काढून. नदीसारखी रेघ तुकड्यांत विखुरली. ती जुळवायचा त्याने प्रयत्न केला नाही आणि प्रतिभाबाईंनीही तसं सांगितलं नाही.

सुदर्शन दारात खुर्चीवर बसून बघत असे. तो बोलत नसे. देवराम त्याच्याकडे पाठ करूनच काम करी.

तेराव्या दिवशी जमीन धुतली, कोरडी केली. सरांनी शेजारची दोन-तीन माणसं बोलावली होती, ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. प्रतिभाबाई अनवाणी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालल्या. मग सुदर्शन उठला. कुबडी टेकवून त्याने जोर देऊन पाहिलं. ती सरकली नाही. चार पावलं टाकून तो देवरामसमोर थांबला.

"तेव्हा तू काय ओरडला होतास?"

"हात सोडा बोललो, भाऊ."

"ऐकू आलं होतं मला." सुदर्शन बाहेरच्या माणसांकडे बघून बोलू लागला. "यांनाही सांगतो. ऐकू आलं होतं, वेळही होता. घोडी सावकाश पडत होती. पण ती पांढरी लादी माझ्या तोंडासमोर होती, ऊन तिच्यावर पडलं होतं. फुटेल, असं वाटलं. एवढी सुंदर वस्तू फुटेल, म्हणून सोडवेना. लादी माझी नव्हतीसुद्धा. त्या मोखाड्याच्या माणसाची होती." त्याने देवरामकडे मान वळवली. "याच्या जिभेचा काही संबंध नाही. याने ओढलं नसतं तर मी इथे नसतो."

सरांनी देवरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"मी आधीच ट्रकसमोर उभा राहायला पाहिजे होता," देवराम म्हणाला. एवढंच त्याला दोन महिने म्हणायचं होतं.

"हटलो नसतो मी," सुदर्शन म्हणाला आणि खुर्चीकडे वळला.

म्हणून लोकांचं बोलणं थांबलं असं मात्र झालं नाही. फक्त त्याचा सूर बदलला; काळी जीभ म्हणणारे आता देवराम बोलतो ते खरं होतं असं म्हणू लागले. पावसाळा उलटल्यावर देवरामला पुन्हा कामं येऊ लागली, आणि पहिला निरोप आला तो मोखाड्याच्या त्याच गिऱ्हाइकाचा, ज्याच्या लाद्या फुटल्या होत्या. नवा माल येणार होता. देवरामने कळवलं, ट्रक यायच्या आदल्या दिवशी येतो, जागा बघतो.

तो गेला. अंगण सपाट करून घेतलं, बल्ल्या उभ्या करून ठेवल्या, दोन दोर मागवले. दुसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हा त्याने सांगितलं तसंच सगळं झालं. कुणी वाद घातला नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. दोन्ही अंगांच्या लाद्या एकेक करून उतरू लागल्या. मध्येच देवरामला जाणवलं की अंगणातली सगळी माणसं स्तब्ध आहेत. काम करणारे, मालक, मालकाची बायको, दारातली म्हातारी. एकाचंही लक्ष ट्रककडे नव्हतं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

पुढचा टेकू जरा डावीकडे हवा होता. देवरामने उघडलेलं तोंड मिटलं आणि तो कुठे लावायचा ते हाताने दाखवलं.